बोटं उमटलेली भाकर

लडकू नुसतं "च्या टाक" म्हणाला तरी समोरच्याला वाटायचं, हा भांडायलाच उठला. त्यात त्याचा दोष नव्हता. बावीस वर्षं त्यानं भिवंडीत कापडाच्या लूमवर काढली होती. पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस लूम, आणि सगळे एकदम चालू. तिथं कानाला तोंड लावून ओरडलं तर काहीतरी कळणार, नाहीतर समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायचं. ती सवय घरी आलं तरी सुटत नाही. आणि कान तर जातातच. चाळिशीत लडकूला पाखरं ऐकू येईनाशी झाली, पन्नाशीत दाराची कडी.

त्याची बायको रंगूबाई तेवढी त्याच्याशी हळू बोलायची. चुलीपाशी बसून नुसते ओठ हलवायची आणि ओट्यावर बसलेल्या याला कळायचं. शेजारची म्हातारी बायजाबाई म्हणायची, "या घरात भांडान झालं तरी एकाचाच आवाज. आमाला अर्धीच गंमत."

पोरबाळ नव्हतं. कुत्री होती. अकरा.

पाळलेली वगैरे नव्हती हो. वळ गावातलीच, उकिरड्यावरची, पण रंगूबाईच्या हातचं खाऊन तिची झालेली. नावंही तिनंच ठेवलेली. एक म्हातारा पिवळा होता, गावात कोणी आलं की आधी उठून चौकशीला जायचा, त्याचं नाव पाटील. खरे पाटील एकदा त्यावरून तावातावानं दारात आले, तर ही म्हणाली, "अवो, तो बी गावाची राखणच करतो की." गेले बिचारे हसत. एक पांढरी, नाक वर करून चालणारी, ती मास्तरीण. मग भुरी, टिप्या, लंगड्या, असे सगळे.

रंगूबाईनं त्यांना कधी दोरी लावली नाही. म्हणायची, "खायाला घातलं की बांधाया कशाला लागतंय?"

खायला घालण्याची तिची एक रीत होती. घरच्या भाकरी थापून झाल्या की शेवटी कुत्र्यांच्या थापायची. तांदळाच्याच, पण जाड. तव्यावर टाकायच्या आधी ओल्या भाकरीवर उजव्या हाताची चार बोटं दाबून उमटवायची. म्हणजे ही कुत्र्यांची, घरातल्या माणसानं चुकून खायची नाही. तिच्या माहेरी तसं करत. आणि तिची खूण गावात कोणीही ओळखली असती, कारण तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून तुटलेलं होतं. लग्नाच्या आधी भात कापताना शेजारणीच्या विळ्यानं गेलेलं. त्यामुळं भाकरीवर तीन बोटं लांब उमटायची, एक आखूड.

भादव्यात रंगूबाईला ताप आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं.

लडकूनं लूम सोडला. दोन खाचरं होती, त्यांतला भात कापला, झोडला, कणगीत भरला. मग काम संपलं. तेराव्याला आलेले पाहुणे कधीच गेले होते. तो भाकरी थापायला शिकला, म्हणजे गोल सोडून सगळ्या आकारांच्या थापायला लागला. कुत्र्यांच्या भाकरीवर चार बोटं दाबायचा. त्याची चारही लांब. कुत्री खायची, पण आधी वास घेऊन त्याच्या तोंडाकडे बघायची.

आता हे साल म्हणाल, तर पुढं उन्हाळ्यात रेल्वेचा तो मोठा संप झाला, त्याच्या आधीचा हिवाळा. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो जोंधळा मिळत होता आणि लोक त्याच्याही रांगेत उभे होते. शेजारच्या पूर्णा गावात एक कुत्रं पिसाळलं, दोघांना चावलं. मग पंचायतीची माणसं सकाळची फिरायला लागली, पिशवीत विष घातलेले गुळाचे गोळे घेऊन. मोकळं दिसेल त्या कुत्र्यापुढं गोळा टाकायचा आणि पुढं चालायचं. बांधलेल्याला हात लावत नसत. दुपारी बारानंतर मात्र त्यांचं काम बंद.

लडकूनं अकरा दोऱ्या आणल्या. एक दिवस बांधली. त्याला काही ऐकू येत नव्हतं म्हणून तो निवांत होता, पण संध्याकाळी बायजाबाई दारात आली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून नुसती उभी राहिली. दुसऱ्या सकाळी बघतो तर सगळ्या दोऱ्या कुरतडलेल्या.

मग त्यानं ठरवलं, सकाळी यांना घेऊन रानात जायचं. बारा वाजले की परत.

वळच्या मागं खाचरं संपली की एक ओहोळ लागायचा. त्याच्या पलीकडं चढ, आणि मग रान. आता तिथं गोडाऊनं झालीत, पण तेव्हा साग होता, ऐन होता, पळस होता, करवंदाच्या जाळ्या अशा की आत शेळी शिरली तर विचार करून बाहेर यायची. मधोमध सात मोठे खडक. म्हणून सातखडकाचं रान. चढावर, रान सुरू व्हायच्या जागी, शिवेचा धोंडा होता. शेंदूर लावलेला. सरपणाला जाणाऱ्या बाया त्याच्यापुढं एक एक पान टाकायच्या आणि पुढं जायच्या.

आणि धोंड्याच्या पुढं गेलं की घरचं बोलायचं नाही. ही त्या बायांची पद्धत. एकमेकींची नावंसुद्धा घ्यायची नाहीत. "ए कोयती, इकडं ये," "ए लांब हाताची, मोळी धर," असं. नवरा, पोरं, चुलीवर काय ठेवलंय, काही नाही. काटे, साप, लाकूड, एवढंच. का, ते कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

लडकूच्या हे कानावरून गेलेलं होतं. पण रान म्हणजे बायांचं काम, तो आपला लूमवाला. आणि खरं सांगायचं तर पाच महिने तो कोणाशी बोललाच नव्हता. घरात एकट्यानं बोलावं तर त्याचा आवाज असा, सगळं गाव म्हणणार लडकू कामातून गेला. रानात कोण ऐकतंय?

पहिल्याच दिवशी धोंडा ओलांडला आणि त्याचं तोंड सुटलं.

"पाटील, इकडं ये. तुला ठावं हाय का, तू एवढासा व्हतास. डोळं बी उघडलं न्हवतं. रंगूनं पदरात आणला तुला."

पाटील आला नाही. तो धोंड्यापाशीच बसला. बाकीची दहा रानात उधळली, ससे हुसकायला, पाचोळ्यात लोळायला. लडकू त्यांच्यामागून हळूहळू चालत राहिला आणि बोलत राहिला. रंगू कशी हसायची. रंगू भाकरी थापताना बांगड्या कशा कोपराकडं सारायची, कुत्र्यांच्या भाकरीवर चार बोटं कशी दाबायची. घरात येताना ओले पाय गोणपाटाला कशी पुसायची, तीनदा, कमी नाही जास्त नाही. बोलून बोलून त्याचा घसा बसला. बारा वाजता परत निघाला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. पोटात जड काहीतरी असतं ते उतरल्यासारखं.

मग ते रोजचंच झालं.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी कुत्री एकदम थांबली. सगळी एकाच वेळी. कान सातखडकाकडं. लडकूला तर काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, तो त्यांचे कान बघत उभा राहिला. दहा कुत्र्यांचे वीस कान, लंगड्याचा फाटका कानसुद्धा, एका बाजूला. मग ती पळाली नाहीत. चालत गेली, एकामागून एक, जाळीत शिरली.

रानडुक्कर असेल म्हणून त्यानं काठी सावरली. हाका मारल्या. बऱ्याच वेळानं ती परत आली, तशीच रांगेत, जिभल्या चाटत.

त्या दुपारी घरी त्याच्या भाकरीला कोणी तोंड लावलं नाही. एकट्या पाटलानं दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी टिप्या परत आला तेव्हा त्याच्या तोंडात तुकडा होता. लडकूनं काढून घेतला. तांदळाची भाकर. जाड, एका बाजूनं करपलेली, मधे कच्ची. मातीचा वास येत होता. आणि वर बोटं उमटलेली. चार, सारख्या लांबीची.

लडकूनं आधी डोकं चालवलं. कोळसा पाडणारे आले असतील. पण त्यानं चढावर उभं राहून चारी बाजूंना बघितलं, धूर कुठंच नव्हता. आणि मिलोसाठी रांग लावायच्या दिवसांत कुत्र्यांना तांदूळ कोण घालतंय?

संध्याकाळी त्यानं बायजाबाईला विचारलं. ती अंगणात लाकडं फोडत होती.

"काकी, रानात कोणी वस्तीला हाय का यंदा?"

"न्हाय बा. कोण असंल?"

"कुत्र्यांना भाकर घालतंय कोणीतरी."

बायजाबाईनं कोयता खाली ठेवला. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, ओठ दिसावेत म्हणून.

"तू तिथं बोलतोस का रं?"

"कुत्र्यांशी बोलतो."

"काय बोलतोस?"

लडकूनं पायानं एक ढलपी बाजूला सारली. ती म्हणाली, "घरचं बोलू नकोस, बाबा."

"का? काय व्हतंय?"

"मना काय ठावं? माझी सासू बोलत न्हवती, म्हून मी बोलत न्हाय." आणि ती लाकडं अर्धवट टाकून आत गेली.

दुसऱ्या सकाळी लडकू गप्प राहायचं ठरवूनच गेला. पण टिप्या समोर येऊन बसला, आणि तो तुकडा काही डोक्यातून जात नव्हता. तो टिप्याला म्हणालाच, नेहमीच्या आवाजात, साऱ्या रानाला ऐकू जाईल असं, "कोण का असंना रं, रंगूसारखी न्हाय ती. रंगूचं पहिलं बोट आखूड व्हतं."

त्यानंतरच्या दिवशी भुरीनं अर्धी भाकर आणून त्याच्या पायाशी टाकली. या वेळी करपलेली नव्हती. लडकूनं ती उचलली, उन्हात धरली.

तीन बोटं लांब. एक आखूड.

तो खाली बसला. आपला हात त्या खुणांवर ठेवला. आखूड बोटाच्या खड्ड्यात त्याचं बोट गेलं, आणि तिथं भाकर अजून कोमट होती.

त्या दिवशी बारा वाजले, एक वाजला, तो परत निघालाच नाही. तो जाळीकडे तोंड करून बोलत होता. सगळं बोलला. तापाच्या तिसऱ्या रात्री तिनं काय मागितलं आणि त्याला ओठ दिसले नाहीत म्हणून कळलं नाही, तेसुद्धा. कंदील विझला होता. ती काहीतरी म्हणाली होती आणि त्याला कळलं नव्हतं. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी केसरीनाथ आला. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. हा त्याचा लूमवरचा जोडीदार, अंजूरचा. उंच, कायम विडी, आणि लडकूच्या वरचढ ओरडणारा. दोघं ओट्यावर बसले की अर्ध्या गावाला फुकटात सगळं ऐकायला मिळायचं.

"लडक्या, साल्या, किती वाळलास! खातोस की न्हाय?"

"खातो की."

"चुलीत राख बी न्हाय तुझ्या. मना येडा समजतो का? हे बघ, आमच्या खोलीत पाच जण हावोत. सहावा तू. शेठला वाचमन पायजे, दिवसाची ड्युटी. खाली बसायचं, बिड्या ओढायच्या. माणसांत ये, बाबा. इथं कुत्र्यांत राहून कुत्रा व्हशील."

"आणि यांचं काय?"

"गावची हायेत, गाव बघंल. पुढच्या शुक्रवारी येतो. पेटी भरून ठेव. न्हायतर तुलाच पेटीत घालून नेतो."

लडकू हसला. पाच माणसं एका खोलीत, रात्री पाय ठेवायला जागा नाही, कोणीतरी घोरतंय, कोणीतरी शिव्या देतंय. त्याला ते सगळं एकदम हवंसं वाटलं. मग त्याला ती कोमट भाकर आठवली. तो म्हणाला, "बघतो."

केसरीनाथ गेल्यावर तो नीट विचार करायला बसला. लूमवर धागा तुटला की कुठं तुटला ते शोधल्याशिवाय लूम चालू करता येत नाही, तसा. चार बोटं दाबायची, हे त्यानं रानात सांगितलं, मग चार बोटं आली. एक आखूड सांगितलं, मग एक आखूड आलं. आधी का नाही आलं? रंगू असती तर तिला कोणी सांगायची काय गरज होती? तिचाच हात.

दुसऱ्या दिवशी त्यानं रानात जाऊन मुद्दाम खोटं सांगितलं.

"रंगूच्या भाकरीला ओव्याचा काय वास यायचा! ओवा घातल्याबिगर भाकर थापलीच न्हाय तिनं."

रंगूबाईला ओवा चालत नसे. वासानं मळमळायचं तिला. घरात ओव्याची पुडी येऊ द्यायची नाही.

एक दिवस गेला. दुसरा गेला. भाकरीला ओवा नव्हता, आणि लडकूच्या छातीत काहीतरी उजळायला लागलं. तीच आहे. तिला कळलं, मी खोटं बोललो. ती हसली असेल.

तिसऱ्या दिवशी कुत्री जाळीतून बाहेर आली आणि वास त्यांच्या आधी आला.

ओवा. दहाही कुत्र्यांच्या तोंडाला.

लडकू धोंड्यापर्यंत न थांबता आला. पाटील तिथं बसला होता. आज तो त्याच्याकडं बघून उठला, शेपटी हलवली, आणि गावाच्या वाटेला लागून मागं वळून बघत राहिला. चल, म्हणत असल्यासारखा.

त्यानंतर लडकू रानात गेला नाही. दार लावून कुत्री घरातच कोंडली. पेटी काढली, तिच्यात दोन धोतरं, सदरा, रंगूबाईचं एक लुगडं ठेवलं. शुक्रवारला दोन दिवस होते. चूल पेटवली, भाकर थापली, एकट्यानं खाल्ली. भिंतीला टेकून बसला. घरात अकरा कुत्री होती आणि एकही त्याच्याकडं बघत नव्हतं. दहाजण मागच्या भिंतीकडं तोंड करून बसले होते, रानाच्या बाजूला. पाटील दाराकडं.

तो बोलून बघायला गेला. "काय रं," एवढंच म्हणाला. एकाचाही कान हलला नाही. एवढी वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, पण त्याला असं बहिरं कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी उठला तर मागच्या कुडाला भोक होतं. दहाही गेली होती. पंचायतीची माणसं गोळे घेऊन फिरत होती, म्हणून तो धावला. निदान स्वतःला त्यानं तसं सांगितलं. पाटील त्याच्या पायात घोटाळत धोंड्यापर्यंत आला आणि त्याचं धोतर दातांत धरून खेचायला लागला. फाटलं धोतर. लडकूनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला काठी दाखवली.

तो धोंड्याच्या अलीकडं उभा राहिला. वारा नव्हता. फाल्गुन लागला होता, पळस नुसता फुलांनी लाल, पान एक नाही.

आणि त्याला ऐकू आलं.

पाखरं नाहीत. पानं नाहीत. नुसतं तेवढंच. हळू, अगदी जवळ, चुलीपाशी बसून कोणी बोलावं तसं.

"अवो. जेवून घ्या."

त्यानं धोंडा ओलांडला.

जाळीच्या आत तो कधी गेला नव्हता. सात खडकांच्या मधे एक सपाट जागा होती, सारवल्यासारखी स्वच्छ. तिथं पळसाची हिरवी पानं मांडलेली होती, ओळीनं, अकरा. प्रत्येक पानावर बोटं उमटलेली जाड भाकर. दहा कुत्री दहा पानांपुढं खात होती. अकरावं पान तसंच होतं.

आणि थोडं बाजूला, खडकाच्या सावलीत, आणखी एक पान. त्यावर पातळ भाकर, माणसाची, फुगून बसलेली. बोटं नव्हती.

समोर कोणी नव्हतं. चूल नव्हती. राख नव्हती.

ती रंगू नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. त्यानंच तर तपासून बघितलं होतं. तो पानापुढं मांडी घालून बसला. सहा महिन्यांत त्याला पहिल्यांदा कोणी वाढलं होतं.

भाकर मऊ होती. त्यानं अर्धी खाल्ली. मग खाली बघत, बायकोला सांगावं तसं, न ओरडता म्हणाला, "ओवा जरा जास्त झाला."

खडकामागं कोणीतरी पाय पुसले. तीनदा.

शुक्रवारी सकाळी पेटी ओट्यावर तशीच होती. लडकू उजाडताच कुत्र्यांबरोबर निघाला. हाताशी दोरी नाही, काठीही नाही. ऊन वर आलं तेव्हा कुत्र्यांचे कान क्षणभर गावाकडं वळले. लांब, धोंड्याच्या बाजूला, कोणीतरी ओरडत असणार, खूप मोठ्यानं, आणि एखादं कुत्रं जीव तोडून भुंकत असणार. लडकूला काहीच ऐकू आलं नाही. कान परत इकडं वळले.

तो जाळीत शिरला.

आज ओव्याचा वास नव्हता. पानं मांडलेली होती. त्यानं खडकाच्या सावलीत बघितलं. तिथं काही नव्हतं. खडकाच्या मागं बघितलं. तिथंही नव्हतं.

पानं अकराच होती, ओळीनं. दहा कुत्री आपापल्या पानापुढं बसली होती आणि कोणीही तोंड लावलं नव्हतं. सगळी त्याच्याकडं बघत होती.

लडकू अकराव्या पानापुढं बसला. जाड भाकर. तीन बोटं लांब, एक आखूड. त्यानं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली.

कोमट होती. आणि ओवा तिनं अगदी कमी घातला होता.